मातीमोल

एखादी वस्तु कवडीच्याही किंमतीची उरली नाहीं म्हणजे ती ‘मातीमोल’ झाली, असें आपण म्हणतों. शाळेंत मुलाचें नांव घालतेवेळीं एक शेतकरी पालक आम्हांस म्हणाले, “गुरुजी, ह्या पोराले मातींतून बाहेर काढा.” त्यांच्या बोलण्यांतील व्यथा आम्हांस कळली, तथापि मातीविषयींचा हा अनादर योग्य नव्हे, असें आमचें नम्र मत आहे. ती कोठून आली व किती काळानें झाली, हें कळलें म्हणजे तो अनादर आपोआप ओसरेल.

राजूरच्या घाटांतून बुलढाण्यास जातांना रस्त्याच्या कडेस काळा पाषाण दिसतो. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतील तप्त शिलारस भेगांवाटें वर आला, थरावर थर पसरला आणि थिजून हा बेसाल्ट खडक बनला. आपल्याच जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर ह्याच खडकावर अशनि आदळून झालेलें आहे. शिलारस थिजतांना त्यांत फेल्डस्पार, पायरॉक्सीन इत्यादि खनिजांचे स्फटिक बनले, व कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह हीं द्रव्यें त्यांत सांठून राहिलीं.

मग हा कठीण पाषाण मऊ झाला कसा? दिवसां तापून व रात्रीं निवून त्यास तडे गेले. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित् आम्ल होतें; तें तड्यांत शिरून खनिजांचें रूप पालटूं लागलें. झाडांच्या मुळांनीं तडे रुंदाविले. अशा रीतीनें खडकाचा मुरूम झाला, मुरुमाची माती झाली, आणि तिचे सूक्ष्म कण ओढ्यानाल्यांनीं पूर्णेच्या खोऱ्यांत आणून टाकिले. म्हणूनच डोंगरउतारावर बरड, आणि आपल्या मलकापुराभोवतीं भारी काळी जमीन! ह्या काळींत स्मेक्टाइट नांवाचे चिकणमातीचे कण पुष्कळ. ते पाणी पिऊन फुगतात व वाळले कीं आकसतात. उन्हाळ्यांत वावरास भेगा पडतात त्या ह्यामुळेंच, व पाऊस सरल्यावरही कपाशीस ओल मिळते तीही ह्यामुळेंच. मात्र हाच गुण कोठें कोठें दोष ठरतो. पूर्णेकांठच्या खारपाण पट्ट्यांत पाण्याचा निचरा होत नाहीं व क्षार जमिनींतच राहतात.

एक इंच माती बनण्यास शेंकडों वर्षें लागतात. ती वाहून जाण्यास कांहीं वळवांचे पाऊस पुरतात. पहिल्या पुरांत नळगंगेचें पाणी गढूळ होतें, तो रंग कोणाच्या तरी शेताचा असतो. तीच माती पुढें गाळ होऊन धरणें भरते. उताराच्या दिशेनें नांगर धरणारा, धुरे मोडणारा, पऱ्हाट्या वावरांतच जाळणारा मनुष्य वडिलोपार्जित ठेवा स्वहस्तें उधळीत असतो. ह्याच्या उलट उतारास आडवी पेरणी, बांधावर गवत व वावरांत शेणखत, एवढ्यानेंही पुष्कळ माती घरींच राहील.

विद्यार्थिमित्रहो, सुटींत एक प्रयोग करून पाहा. बरड, मळ्याची काळी व नदीकांठची अशी तीन ठिकाणची माती तीन कांचेच्या बरण्यांत घाला, पाणी ओतून ढवळा व ठेवून द्या. वाळू क्षणांत तळीं बसेल. चिकणमातीचें पाणी दुसऱ्या दिवशींही गढूळ दिसेल. पुस्तकाच्या दहा पानांहून हें अधिक शिकवील.

आणि पालकहो, कष्टांस मोल मिळत नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे. पण तो दोष बाजाराचा व कर्जाचा, मातीचा नव्हे. तुमच्या मुलास आम्ही अज्ञानांतून बाहेर काढण्याचा यत्न करूं. तो पुढें वकील होवो वा डॉक्टर, पण पायाखालच्या मातीची ओळख विसरून तो मोठा व्हावा, असें आम्हांस वाटत नाहीं. ‘मातीमोल’ हा शब्द त्याच्या तोंडीं अपमानाचा न राहतां मानाचा झाला, तर आमचें शिकविणें सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.