यंत्र हाताला कळले पाहिजे

भीमगीतांचा एक कार्यक्रम ऐन रंगात आला होता. गायकाने नव्या गाण्याला सुरुवात केली, ढोलकीवाला सज्ज होता, पण ऑक्टोपॅडवाला मान खाली घालून बटणेच चाचपत होता. अंधुक उजेडात चुकीचे बटण दाबले गेले, भलताच आवाज निघाला आणि श्रोते हसले. संयोजकांनी त्या पोराच्या मानधनातून पैसे कापले. आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. दोष कोणाचा? आमच्या मते वाजवणाऱ्याचा नव्हे, यंत्राच्या रचनेचा!

ढोलकीसोबत माहितीपुस्तिका मिळत नाही. कोणत्या बाजूला कोणता बोल निघतो, हे हाताला ठाऊक असते. हळू मारले तर हळू, जोरात मारले तर जोरात. जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ साली पहिला ऑक्टोपॅड आणला, तेव्हा हेच तत्त्व पाळले. आठ पॅड, चार वर, चार खाली. हात नाव लक्षात ठेवत नाही, जागा लक्षात ठेवतो. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी स्वतः संगीताचे शिक्षण घेतलेले नव्हते. वाद्य सामान्य माणसालाही वाजवता यावे, ही त्यांची धारणा होती.

याच कंपनीचे १९८० चे टीआर-८०८ हे तालयंत्र पाहा. सोळा बटणांची एक ओळ. जिथे ठोका हवा ते बटण दाबा. बाजारात ते फारसे चालले नाही, १९८३ मध्ये बंद झाले. पण जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागले आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांनी त्यावर नवे संगीत उभे केले. १९८८ साली रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसाठी एमपीसी-६० बनवले. त्यावर बोटांनी वाजवायचे सोळा रबरी पॅड होते. ज्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती, त्यांनाही ते वाजवता आले. रचना सोपी असली की दार उघडते, हा यातला धडा आहे.

उलट, पडद्याआड पडदा आणि यादीत यादी असलेले यंत्र ते दार बंद करते. तेही इंग्रजीत! वकिलीत आम्ही रोज पाहतो की, ज्याच्यावर कायदा चालतो त्यालाच तो वाचता येत नाही. स्टेजवरही तेच घडावे काय?

सोयी वाढल्या की गुंतागुंत वाढणारच, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर सरळ आहे. आवाज घडवण्याचे काम घरी होते, तिथे हव्या तेवढ्या सोयी द्या. स्टेजवर मात्र एका बटणाला एकच काम हवे. आकडा उभ्याने, अंधारात दिसला पाहिजे. आवाज पुसण्याचे बटण वाजवण्याच्या बटणाशेजारी नको. चूक झाली तर एका दाबात मागे येता आले पाहिजे. ठोका आणि आवाज यांत दहा-वीस मिलीसेकंदांचे अंतर पडले, तरी वादकाला ते खटकते. तेही राहता कामा नये.

आज आपली मुले-मुली इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर होत आहेत. त्यांना आमचे आवाहन आहे: असे यंत्र घडवण्याआधी एक रात्र ऑक्टोपॅडवाल्याच्या मागे बसा. त्याचा हात कुठे अडतो ते पाहा. जो वाजवतो, त्याला विचारल्याशिवाय वाद्य बनवू नका!