फेरिटिनवर थांबू नका, हृदयातले लोह मोजा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : थॅलेसेमिया मेजर रुग्णांची दरवर्षी हृदय व यकृताची टी-टू-स्टार एमआरआय तपासणी मोफत होण्याबाबत



माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे. तिला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. अशा मुलांना सरकारी रक्तपेढीतून विनामूल्य रक्त मिळते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश झाला, याचे मोल आम्ही पालक जाणतो. आता गरज आहे ती या रक्तासोबत शरीरात साचणारे लोह नीट मोजण्याची.

लाल पेशींच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम बाहेर टाकते. उरलेले यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत आणि हृदयाच्या स्नायूत साठते. नियमित रक्त मिळणाऱ्या रुग्णांच्या मृत्यूचे एक मोठे कारण हृदयातले हेच लोह ठरले आहे.

आपल्याकडे हे लोह बाहेर काढणाऱ्या औषधाचा डोस बहुतेक ठिकाणी रक्तातले फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारे प्रथिन, पाहून ठरतो. ही तपासणी उपयोगी आहे, पण ताप, जंतुसंसर्ग, यकृताची सूज यांनीही फेरिटिन वाढते. शिवाय लोह कुठल्या अवयवात आहे, हे त्यातून कळत नाही. यकृतात लोह बेताचे आणि हृदयात मात्र भरपूर, असेही घडते. टू-डी इको तर हृदयाचे पंपिंग बिघडेपर्यंत नॉर्मल येऊ शकतो.

लोहामुळे आसपासचे चुंबकीय क्षेत्र विस्कळीत होते आणि एमआरआयचा संदेश लवकर विरतो. तो किती मिलिसेकंदांत विरतो, हे मोजणे म्हणजे टी-टू-स्टार. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातील डॉक्टरांनी २००१ मध्ये ही पद्धत हृदयासाठी मांडली. आकडा २० च्या खाली गेला की हृदयात लोह साचले आहे; १० च्या खाली गेला की धोका गंभीर. तपासणीनंतर वर्षभरात हार्ट फेल्युअर झालेल्या जवळजवळ सर्व रुग्णांचा आकडा १० पेक्षा कमी होता, असे पुढच्या अभ्यासात दिसले. या तपासणीत सुई नाही, किरणोत्सर्ग नाही; काही सेकंद श्वास रोखून धरायचा, एवढेच. आकडा वेळेत हाती आला तर डेफेरिप्रोन, डेस्फेरल किंवा दोन्ही मिळून उपचार वाढवता येतात आणि हृदयातले लोह खरोखर उतरते. ब्रिटनमध्ये ही तपासणी आणि त्यानुसार दिलेले उपचार यांमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू ठळकपणे घटले.

राज्यातल्या अनेक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत एमआरआय यंत्रे आहेतच. म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. प्रत्येक महसुली विभागात किमान एक १.५ टेस्ला यंत्र या तपासणीसाठी निश्चित करावे. त्यावर आवश्यक सॉफ्टवेअर बसवावे. तंत्रज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांना प्रशिक्षण द्यावे. महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने दोन्ही विभागांनी हा निर्णय एकत्र घ्यावा.

२. मूल स्थिर पडून श्वास रोखू शकेल त्या वयापासून, म्हणजे साधारण आठ-दहा वर्षांपासून, दरवर्षी ही तपासणी मोफत व्हावी. गावाहून येणाऱ्या मुलाचा आणि सोबतच्या पालकाचा प्रवासखर्च मिळावा.

३. रक्त चढवणाऱ्या डे केअर केंद्रातल्या फाइलमध्ये फेरिटिनशेजारी हृदयाचा आणि यकृताचा आकडा नोंदवावा. हृदयाचा आकडा १० च्या खाली असलेल्या रुग्णाला तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावे आणि त्याचे औषध एक दिवसही खंडित होऊ देऊ नये.

मंत्रिमहोदय, शेकडो अनोळखी रक्तदात्यांच्या रक्तावर ही मुले वाढली, शाळा-कॉलेजात गेली, नोकरीला लागली. त्यांना चाळिशी-पन्नाशी गाठता यावी, एवढेच आम्ही मागतो. येत्या ८ मे रोजी, जागतिक थॅलेसेमिया दिनी, शुभेच्छांच्या जोडीने हा शासन निर्णय जाहीर करावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलीची आई