चार वाटांचे संगीत

"हे कसले संगीत? ही तर खेळण्याची टिवटिव!" चिपट्यून हा प्रकार ऐकवला की आपल्या मंडळींचा पहिला शेरा बहुधा असाच पडतो. जुन्या व्हिडिओ गेमच्या आवाजांतून, पुष्कळदा त्याच जुन्या यंत्रांवर, नवे संगीत रचणारे कलावंत जपान, अमेरिका आणि युरोपात आहेत. त्यांना हौशी पोरे म्हणून मोडीत काढणे मला साफ नामंजूर आहे.

प्रथम त्यांची अडचण समजून घ्यावी. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या संगणकातील ध्वनिचिप बॉब यानेस याने तयार केली होती. तिच्यातून एका वेळी तीनच आवाज निघत. १९८९ च्या गेमबॉयमध्ये वाटा चार : दोन चौकोनी लहरींच्या, एक रचनाकाराने हवी तशी आखावी अशा लहरीची, आणि चौथीतून नुसता खरखराट. त्या खरखराटाचे तुकडे पाडून त्याच्याकडून ढोलाचे काम करून घ्यायचे! तीन स्वरांचा मेळ हवा आणि वाट एकच मोकळी असली तर? तर ते स्वर एकामागून एक, सेकंदाला पन्नासदा बदलत फिरवायचे, म्हणजे कानाला ते एकत्रच उमटल्याचा भास होतो. चिपट्यूनची ती ओळखीची थरथर अशी गरजेतून जन्मली. मार्टिन गॅलवेने ऐंशीच्या दशकात ती फार बहारीने वापरली.

पेटीला मींड जमत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेवले. वाद्याला काय येत नाही एवढेच पाहायचे ठरवले की असे निर्णय होतात.

गेमबॉयवर रचना करण्याचा 'नॅनोलूप' हा प्रोग्रॅम १९९८ च्या सुमारास ऑलिव्हर विटशोव या हॅम्बुर्गच्या कलाविद्यार्थ्याने लिहिला. पुढे स्वीडनच्या योहान कोटलिन्स्कीचा 'लिटल साउंड डीजे' आला. मोजक्या बटणांनी, तळहाताएवढ्या पडद्यावर, एकेक स्वर भरत बसायचे. याला चिकाटी लागते. (आमच्या स्नेहसंमेलनाच्या वाद्यवृंदाने निदान तेवढी तालीम करावी!)

सगळेच चिपट्यून चांगले असते असे मात्र नाही. लोकप्रिय गाणे घ्यायचे, त्याला मारिओचा आवाज चढवायचा आणि बालपण आठवले म्हणून टाळ्या घ्यायच्या, हा स्वस्त धंदा आहे. त्या टाळ्या आठवणीला पडतात, रचनेला नव्हे.

पण खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. फिनलंडच्या यान्ने सुनीची 'अ‍ॅसिडजॅझ्ड ईव्हनिंग' ही रचना नॉर्वेच्या ग्लेन गॅलेफॉसने कमोडोरवर उतरवली होती. टिंबालँड या बड्या निर्मात्याने नेली फुर्टाडोच्या २००६ सालच्या 'डू इट' या गाण्यासाठी ती उचलली, असा आरोप २००७ मध्ये झाला. अमेरिकेतला दावा २०१२ साली अपिलातही फेटाळला गेला, तो स्वामित्वहक्काच्या नोंदणीच्या मुद्द्यावर. उचल झाली की नाही, हा प्रश्न तेथे बाजूलाच राहिला. "फुकट मिळत होते, मग बिघडले काय?" असे विचारणारे आपल्या वर्गातही भेटतात. त्यांना माझा प्रतिप्रश्न : तुमची कविता या अंकात फुकट छापली जाते, ती उद्या दुसऱ्याच्या नावावर खपली तर चालेल?

आमच्या कलामंडळाने एका शनिवारी हे संगीत तासभर ऐकवावे. सुरुवात गॅलवेपासून करावी, आणि रचनाकाराचे नाव सांगितल्याखेरीज एकही तुकडा लावू नये.