फुकट राबतो म्हणून चौकशी माफ?

सुट्ट्या लागल्या की मुंबई-गोवा हायवेवर खांब-कोलाडच्या पट्ट्यात शाळांच्या, क्लासेसच्या बसेसची रांग लागते. भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सकाळी पाणी सुटतं, कुंडलिकेला वेग येतो आणि राफ्टिंग, कयाकिंग, रात्रीचे तंबू असा सगळा माहोल सुरू होतो. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाचं लाइफ जॅकेट खेचून पाहतात, हेल्मेटचा पट्टा तपासतात. तपासायलाच हवा. पण त्या पोरांसोबत दोन दिवस राहणारा, रात्री तंबूंवर लक्ष ठेवणारा 'दादा' कोण आहे, हे कुणी तपासलंय का?

हा दादा किंवा ही ताई म्हणजे बऱ्याचदा आपणच असतो बरं का! कॉलेजची पोरं. एनएसएसवाले, ट्रेकिंग ग्रुपवाले, पाड्यावर शनिवार-रविवार शिकवायला जाणारे. मानधन नाही; जेवण, प्रवास आणि शेवटी एक सर्टिफिकेट. काम चांगलंच आहे, त्यावर वाद नाही. पण फुकट काम करतो म्हणून आपल्याला कुणी काही विचारतच नाही, हे बरोबर नाही.

आता कायदा बघू. पॉक्सो कायदा 2012 चा. त्याखालचे नवे नियम 2020 मध्ये आले. मुलं राहतात किंवा मुलांशी नेहमी संबंध येतो अशा संस्थांनी, म्हणजे शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी वगैरेंनी, आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलिस पडताळणी करायची, असं त्यात स्पष्ट आहे. शिक्षक असो वा शिपाई, कायम असो वा कंत्राटी. पण वाक्य 'कर्मचारी' या शब्दापाशी येऊन थांबतं. स्वयंसेवक कुणाचा कर्मचारी? कुणाचाच नाही. म्हणजे पगार घेणाऱ्याची चौकशी आणि न घेणारा मोकळा!

गंमत म्हणजे याच पॉक्सोचं कलम 19 बघा. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना सांगणं 'कोणत्याही व्यक्तीवर' बंधनकारक आहे, नाही सांगितलं तर शिक्षा आहे. तिथे स्वयंसेवकाला सूट नाही. जबाबदारी पूर्ण, पडताळणी शून्य. हे कसं चालेल?

नियम असला तरी तो पाळला जातोच असंही नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, कित्येक तास लोकल बंद पडल्या. दुसऱ्याच दिवशी शासनाने निर्णय काढला : शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, आणि नेमणुकीआधी कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. म्हणजे 2020 पासून जे कागदावर होतं, ते चार वर्षांनी, रेल्वे अडवल्यावर पुन्हा सांगावं लागलं. आणि तेही शाळांपुरतं. नदीकाठच्या कॅम्पचं काय?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत 'यंग ईगल्स' नावाचा उपक्रम 1992 पासून चालतो. हौशी पायलट स्वतःच्या विमानातून, स्वतःच्या खर्चाने 8 ते 17 वर्षांच्या मुलांना आकाशात फिरवून आणतात. 2016 मध्ये तिथल्या आयोजक संस्थेने या स्वयंसेवकांना पार्श्वभूमी तपासणी आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण लागू केलं. काही पायलट वैतागले. आम्ही पदरचे पैसे घालून पोरांना फिरवतो आणि आमच्यावरच संशय?

आपल्याकडे हीच तक्रार वेगळ्या शब्दांत येते : 'अरे, आपल्या ओळखीतलाच आहे तो!' पण ओळख हा पुरावा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं हेच सांगतात की मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या 90 टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी त्या मुलाच्या ओळखीचाच असतो. आणि तपासणी म्हणजे आरोप नव्हे. पासपोर्ट काढताना पोलिस पडताळणी होते, तेव्हा आपण कुठे रुसतो?

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. पडताळणीत सापडतो तो आधी सापडलेलाच. ज्याच्यावर कधी तक्रारच झाली नाही, त्याचा कागद कोराच येणार. देशात लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद 2018 मध्ये सुरू झाली, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना बघता येते. कॅम्पवाल्याला नाही. म्हणून कागदाच्या जोडीला साधे नियम हवेत. कुठलाही मोठा माणूस एका मुलासोबत एकटा राहणार नाही, ना तंबूत ना गाडीत. रात्री दोघं मोठे असतील, मुलींबरोबर ताई असेलच. आणि 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पहिल्याच दिवशी मुलांना पाठ करून घ्यायचा. याला खर्च किती? शून्य.

पडताळणीतही तारतम्य हवं. आंदोलनात बसला म्हणून एखाद्यावर केस असेल, तर त्याला पाड्यावर शिकवायला बंदी नको. बघायचं ते मुलांवरचे, बायकांवरचे आणि हिंसेचे गुन्हे. शिवाय प्रत्येकाने आपापलं पोलीस ठाण्यात खेटे घालायचे म्हटलं तर निम्मे स्वयंसेवक पहिल्याच फेरीत गळतील. त्यापेक्षा कॉलेजने जूनमध्ये एनएसएसच्या यादीसोबत सगळ्यांचे अर्ज एकत्र पाठवावेत आणि स्वयंसेवकांना फी माफ करावी. रोहा, पेणसारख्या तालुक्यांत हे सहज जमण्यासारखं आहे. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि म्हणूनच ते जास्त गरजेचंही आहे.

नियम बदलायचा तेव्हा बदलेल. तोवर आपण एक करू शकतो. पुढच्या कॅम्पला नाव देताना आयोजकाला विचारा, 'माझी पडताळणी कधी करणार?' तो हसला, 'तुझी कशाला रे?' म्हणाला, तर पुढचा प्रश्न विचारा : मग बाकीच्यांची तरी केलीये का? उत्तर नाही आलं, तर त्या कॅम्पला आपल्या धाकट्या भावंडांना पाठवायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.