सेवा मान्य, अधिकार अमान्य

धर्मसंस्थेशी एकनिष्ठ राहूनही तिला अडचणीचा प्रश्न विचारता येतो, याचा वस्तुपाठ सिस्टर थेरेसा केन यांनी घालून दिला. ७ ऑक्टोबर १९७९ रोजी वॉशिंग्टनमधील मारियामातेच्या राष्ट्रीय मंदिरात पोप जॉन पॉल दुसरे यांचे स्वागत करताना, अमेरिकेतील कॅथलिक धर्मभगिनी-संघांच्या प्रमुखांच्या परिषदेच्या अध्यक्षा या नात्याने, चर्चची सर्व सेवापदे स्त्रियांना खुली व्हावीत, अशी विनंती त्यांनी केली. पोपचे भाषण चालू असता काही धर्मभगिनी दंडाला निळ्या फिती बांधून मूकपणे उभ्या राहिल्या.

धर्मगुरुपदापुरते व्हॅटिकनचे उत्तर आजतागायत नकाराचेच आहे. ख्रिस्ताने बारा प्रेषित निवडले ते पुरुषच. तेव्हा स्त्रियांना ही दीक्षा देण्याचा अधिकार चर्चलाच नाही, असे त्याच पोपनी १९९४ साली निक्षून सांगितले. श्रद्धेच्या प्रांतातील हा युक्तिवाद निव्वळ पुरुषी अहंकार म्हणून उडवून लावणे योग्य नव्हे. परंतु पुनरुत्थित ख्रिस्ताची वार्ता प्रेषितांना देणारी मरीया मग्दालिया ही ज्या चर्चला ‘प्रेषितांची प्रेषिता’ म्हणून वंद्य आहे, त्याच चर्चमध्ये स्त्रीला वेदीपाशी मज्जाव का, हा प्रश्नही श्रद्धेतूनच उपजलेला आहे.

मध्यंतरी दार किंचित किलकिले झाले. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी वाचक व वेदीसेवक ही पदे स्त्रियांना रीतसर खुली केली. २०२३ च्या सिनॉडमध्ये स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिला यांच्या रूपाने व्हॅटिकनच्या एका खात्याची सूत्रे प्रथमच स्त्रीकडे आली. तथापि दीक्षेचा उंबरठा होता तेथेच आहे.

याची झळ कोणास बसते? अ‍ॅमेझॉनच्या अरण्यातील अनेक वस्त्यांत महिनोन्‌महिने धर्मगुरू फिरकत नाही. तेथे प्रार्थना चालविणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, रुग्णांपाशी बसणे ही कामे बहुतांशी धर्मभगिनी व गावातील स्त्रियाच करतात. मरणोन्मुख माणूस आपले मन त्यांच्यापाशी मोकळे करतो. पण त्याला पापक्षमेचा संस्कार देण्याचा अधिकार त्यांना नाही, आणि मिस्सा अर्पण करण्याचाही नाही. स्त्रीला नाकारलेल्या अधिकाराची किंमत अशा रीतीने सारी वस्ती मोजते.

सिस्टर केन २०२४ साली निवर्तल्या. त्यांनी व्रतही सोडले नाही आणि मागणीही. हा निर्णय चर्चनेच घ्यावयाचा आहे, हे खरे. परंतु ज्यांच्या सेवेवर संस्था विसंबून आहे, त्यांना निर्णयाच्या जागेपासून दूर ठेवून दिलेला निकाल अखेरचा कसा मानावा?