ए.कु.मॅ. म्हणजे मालक नव्हे!

आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ आणि लोणावळा परिसरातील खातेदार, माहेरवाशिणी आणि मुंबईकर बांधवांस जाहीर आवाहन.

आपल्याकडे घरोघरी एकच गोष्ट घडली. एक भाऊ भातखाचरे सांभाळायला गावी राहिला, बाकीचे मुंबईला डबे पोचवायला नाहीतर गिरणीत गेले. सातबाऱ्यावर नाव लागले थोरल्याचे, आणि त्यापुढे तीन अक्षरे: ‘ए.कु.मॅ.’, एकत्र कुटुंब मॅनेजर. तो कारभारी होता, एकटा मालक नव्हे. पुढे कुठल्याशा वारसनोंदीत ती अक्षरे गळाली. आता गुंठ्याला भाव आल्यावर धाकट्याची नातवंडे कोर्टात उभी राहतात, तेव्हा हातात असतो परवा काढलेला ऑनलाइन सातबारा!

तो पुरत नाही. महसुली नोंदीने मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार नोंद खरी धरतात, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. तो पुरावा आपणच न्यायचा.

सातबाऱ्यावरच्या वर्तुळातले फेरफार क्रमांक धरून मागे मागे जा. अक्षरे कोणत्या फेरफारात गळाली हे सापडले की निम्मी लढाई झाली. वडगावला तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा, कडईपत्रक या जुन्या महसुली नोंदीची नक्कल मागा. लोणावळा शहरात असाल तर मिळकत पत्रिका पाहा. घरातला मोडी कागद वाचता येत नाही म्हणून टाकू नका. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. वंशावळ तोंडी सांगून भागत नाही. जन्ममृत्यूचे उतारे, शाळेचे दाखले जोडा. फेरफारातला ‘बाळू’ आणि दाखल्यावरचा ‘बाळकृष्ण’ एकच, हेही सिद्ध करावे लागते, आणि इथेच पुष्कळ दावे अडखळतात.

‘कसतो आम्ही, तुमचा काय संबंध?’ या दमाला घाबरू नका. एका वाटेकऱ्याचा ताबा कायद्याने सगळ्यांचा धरतात. मात्र तुमचा हक्क उघड नाकारला गेल्याचे कळल्यावर स्वस्थ बसू नका. मुदत तिथून मोजतात.

आणि लेकींनो, सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2020 च्या निकालाने वडिलोपार्जित मिळकतीत तुमचा हक्क जन्मापासूनचा ठरला आहे, वडील 2005 च्या कायदादुरुस्तीपूर्वी वारले असले तरी. राखीच्या ताटाशेजारी ठेवलेल्या हक्कसोडपत्रावर न वाचता सही करू नका.

दावा लावण्याआधी एक करा. चैत्रात यात्रेला सगळे गावी जमाल, तेव्हा थोरल्याच्या आणि धाकट्याच्या घरातल्या पेट्या एकाच ओट्यावर उघडा.