भांडी घासता घासता ऐकलेलं गाणं

आमच्या बचत गटाच्या बैठकीला मी अधूनमधून पुस्तकं घेऊन जाते. गेल्या महिन्यात सुनीता देशपांडे यांचं ‘प्रिय जी. ए.’ नेलं होतं. पंधरा दिवसांनी ते परत आलं, पण वर्तमानपत्राचं कव्हर घालून! मी विचारलं तर ती मैत्रीण हळूच म्हणाली, “वहिनी, परक्या पुरुषाला बाईनं लिहिलेली पत्रं. सासूबाईंनी नाव वाचलं असतं तर?”

मला हसू आलं, पण रात्री झोप लागेना.

जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, माणसांपासून चार हात दूर राहायचे. ‘काजळमाया’, ‘पिंगळावेळ’सारख्या त्यांच्या संग्रहांतल्या कथा वाचून अंगावर काटा येतो. सुनीताबाई पुण्यात, पु. लं.च्या भरल्या घरात. या घराला सुरांचं काय कमी? पु. ल. स्वतः पेटी वाजवणारे. कुमार गंधर्व आणि वसंतराव देशपांडे जिवाभावाचे मित्र. बोरकर-मर्ढेकरांच्या कवितांचे कार्यक्रम नवरा-बायको दोघं मिळून करायचे. तरी या बाईला धारवाडच्या त्या एकलकोंड्या माणसाला लांबलचक पत्रं लिहावीशी वाटली. वाचलेल्या पुस्तकांविषयी, माणसांविषयी, मनात खदखदणाऱ्या प्रश्नांविषयी. जी. एं.नीही तितक्याच मोकळेपणानं उत्तरं दिली. तीही छापली गेली आहेत. वाचून बघा, चोरून ठेवावं असं त्यात काय आहे ते मला सांगा.

“त्यांचं ठीक आहे हो, मोठी माणसं,” असं आपण लगेच म्हणतो. पण घर भरलेलं असूनही मनातलं बोलायला माणूस लागतं, ही गरज मोठ्या माणसांनाच असते का?

माझंच सांगते. लग्नाआधी मी गाणं शिकत होते, दोन परीक्षाही दिल्या. नंतर तंबोरा माळ्यावर गेला. परवा दुपारी भांडी घासताना रेडिओवर कुमारांचं निर्गुणी भजन लागलं. साबणाचे हात तसेच, मी उभीच राहिले. यांना सांगायला गेले तर म्हणाले, “छान. चहा टाक.” वाईट माणूस नाही हो, पण गाण्यातलं काही कळत नाही त्यांना. मुलीनं मान वर केली नाही. मग ते सांगायचं कुणाला? व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळपासून फुलांचे फोटो येतात, पण त्यात “आज मी काय ऐकलं” असं कुणी लिहीत नाही.

सासर बदललं की नवऱ्याचे मित्र आपले होतात, आपल्या मैत्रिणी मात्र लग्नपत्रिकेपुरत्या उरतात. आणि एखाद्या बाईला कविता वाचणारा मित्र असला, तर गावभर चर्चा! नवऱ्यानं रात्री अकरापर्यंत कट्ट्यावर बसावं, त्याला कुणी हिशेब मागत नाही. मला हे पटत नाही, कधीच पटलं नाही.

१९८७ साली जी. ए. गेले आणि २००९ साली सुनीताबाई. पत्रं उरली.

ते पुस्तक मी पुन्हा बैठकीला नेणार आहे. कव्हर काढून टाकलंय. शिवाय कोल्हापूरला असलेल्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा पत्ता शोधून काढला. अंतर्देशीय पत्र आता मिळतं का, ते पोस्टात विचारून येते.